पोस्टर परदेशी, भिंत आपली

रशियन अक्षरांतला राज कपूर, पोलंडच्या चित्रकाराने रंगवलेलं हॉलिवूड आणि डहाणू-तलासरीच्या कुडाच्या भिंतीवरचा लग्नचौक… जुन्या विदेशी फिल्मी पोस्टर्सच्या शौकाची ही रंगीत सफर!

नवा फ्लॅट. ईएमआय सुरू झालाय, सोफा आलाय, पडदे लागलेत. उरलीय ती हॉलमधली एक रिकामी भिंत. मग काय, मॉलमधून आणलेला शांत बुद्ध, नाहीतर आयफेल टॉवरची ब्लॅक अँड व्हाइट फ्रेम! शेजाऱ्यांकडे तेच, बॉसच्या घरीही तेच. अशा भिंतींना कंटाळलेल्या मंडळींसाठी एक हटके शौक आहे. जुन्या सिनेमाचं पोस्टर. तेही अशा भाषेतलं, जी आपल्याला ओ की ठो कळत नाही!

आता तुम्ही म्हणाल, वाचताच येत नाही तर लावायचं कशाला? तर बॉस, खरी गंमत तिथेच आहे. नाव वाचता आलं नाही की आपण चित्र बघायला लागतो. आणि चित्र बघायला लागलो की कळतं, एकाच सिनेमाची गोष्ट प्रत्येक देशाने आपल्या पद्धतीने सांगितलेली असते. अमेरिकन पोस्टर हिरोचा चेहरा दाखवतं, इटालियन पोस्टर त्याच्या मनातलं वादळ रंगवतं आणि पोलिश पोस्टरवर हिरो सापडतच नाही!

'आवारा' झाला 'ब्रोद्यागा'

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. राज कपूरचा 'आवारा' १९५१ मध्ये आला आणि १९५४ मध्ये सोव्हिएत रशियात पोहोचला. तिथे त्याचं नाव झालं 'ब्रोद्यागा', म्हणजे भटक्या. त्याची तिथे सहा कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. एवढ्या मोठ्या देशातल्या थिएटरांसाठी पोस्टर्सही तिथेच तयार झाली. मुंबईहून पाठवलेली नव्हेत, तर तिथल्या चित्रकारांनी रंगवलेली, रशियन लिपीतली.

संग्राहकांना सोव्हिएत पोस्टर्स आवडायचं एक जाम प्रॅक्टिकल कारणही आहे. या पोस्टर्सच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव, छापखाना आणि किती प्रती छापल्या तो आकडासुद्धा दिलेला असतो. पोस्टर स्वतःच आपली कुंडली सांगतं. आपल्याकडे जुन्या पोस्टरची किती प्रत निघाली, हे विचारायला गेलात तर दुकानदार हसेल!

महाराष्ट्राशी थेट नातं असलेला एक सिनेमाही या यादीत आहे. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून केलेला 'परदेसी' (१९५७). भारत आणि सोव्हिएत रशिया यांची ही एकत्र निर्मिती, दोन भाषांत बनलेली. गोष्ट आफानासी निकितिन या पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याची. हा पठ्ठ्या समुद्रमार्गे येऊन उतरला तो थेट आपल्या चौलच्या बंदरात! आज अलिबागजवळ रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. पुढच्या वीकएण्डला तिकडे गेलात तर आठवण ठेवा. नर्गिसचा हा सिनेमा एका भाषेत 'परदेसी' आणि दुसऱ्या भाषेत 'तीन समुद्रांपलीकडची सफर'. दोन नावं, दोन लिप्या आणि सिनेमा एकच.

पोलंडचा फण्डा

या शौकातलं सगळ्यात भन्नाट प्रकरण म्हणजे पोलंड. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सिनेमाचं वितरण सरकारच्या हातात गेलं. आता सरकारच दुकानदार म्हटल्यावर स्पर्धा कुणाशी? स्टारचा चेहरा मोठा छापून गर्दी खेचायची गरजच उरली नाही. मग पोस्टरची कामं गेली ग्राफिक आर्टिस्टकडे. त्यांनी सिनेमा पाहायचा आणि त्यातून जे वाटलं ते रंगवायचं. रंग-कागदाची चणचण होती, वर सेन्सॉर होता. पण त्या एका कागदावर त्यांना जेवढी मोकळीक मिळाली, तेवढी हॉलिवूडच्या आर्टिस्टलाही क्वचितच मिळाली असेल.

परिणाम? हेन्रिक तोमाशेव्स्की या चित्रकाराला १९४८ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात एक-दोन नाही, चक्क पाच पहिली बक्षिसं मिळाली. १९६६ मध्ये वॉर्सात पोस्टर्सचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं आणि १९६८ मध्ये वॉर्सातल्याच विलानुव इथे फक्त पोस्टर्ससाठी अख्खं म्युझियम उघडलं. विक्तॉर गुर्काने 'कॅबरे' या अमेरिकन सिनेमासाठी केलेलं पोस्टर एकदा पाहिलंत तर विसरणार नाही. नाचणाऱ्या बायकांचे काळे स्टॉकिंग्ज घातलेले पाय आणि त्यातून तयार झालेलं नाझी स्वस्तिक, मध्ये रंगवलेला चेहरा. नाच, मजा आणि दाराशी येऊन ठेपलेली हुकूमशाही. अख्खा सिनेमा एका चित्रात!

महत्त्वाचं म्हणजे या पोस्टर्सवर चित्रकाराची सही असते. गुर्का, लेनिका, चेश्लेविच अशी नावं हुडकत जगभरातले लोक फिरतात. सिनेमा कुठलाही असो, पोस्टर कुणाचं ते आधी बघतात.

क्युबाचीही अशीच गोष्ट. १९५९च्या क्रांतीनंतर तिथे सिनेमासाठी सरकारी संस्था निघाली आणि तिने सिल्कस्क्रीनवर, म्हणजे रंगामागून रंग हाताने ओढून पोस्टर्स छापली. रंग असे काही दाट, की बोट लावलं तर हाताला येईल असं वाटतं. आणि जपान? तिथे मोठ्या पोस्टरबरोबर 'चिराशी' नावाची वहीच्या पानाएवढी हॅण्डबिलं निघतात. थिएटरात फुकट वाटली जाणारी. आज नवशिक्या संग्राहकांचा श्रीगणेशा बरेचदा याच चिराशींपासून होतो. छोटी, स्वस्त आणि फाइलमध्ये मावणारी.

कागदाचे तीन कोटी!

आता पैशाचं बोलू. 'मेट्रोपोलिस' या १९२७च्या जर्मन मूकपटाचं पोस्टर २००५ मध्ये ६ लाख ९० हजार डॉलरला विकलं गेलं. त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांच्या घरात. २०१७ मध्ये अमेरिकेत 'कॅसाब्लांका'चं एक पोस्टर लिलावात निघालं. किंमत आली ४ लाख ७८ हजार डॉलर. लक्षात घ्या, हे पोस्टर इंग्रजी नव्हतं! १९४६ मधलं, इटलीत छापलेलं, लुइजी मार्तिनाती या चित्रकाराने रंगवलेलं इटालियन पोस्टर होतं ते.

बरोब्बर एवढीच किंमत २०१४ मध्ये 'लंडन आफ्टर मिडनाइट'च्या पोस्टरला आली होती. हा १९२७चा भयपट आज कुणीही पाहू शकत नाही. त्याची शेवटची माहीत असलेली प्रिंट १९६५ मध्ये स्टुडिओच्या आगीत जळाली. सिनेमा गेला, पोस्टर उरलं.

ही पोस्टर्स इतकी दुर्मिळ का? कारण ती टिकण्यासाठी बनवलेलीच नव्हती. आठवडाभर भिंतीवर राहायचं, मग त्याच्यावर खळ लावून दुसरं चिकटवायचं. युद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढीगच्या ढीग लगद्यात गेले. म्हणूनच जे चुकून वाचलं, त्याला आज मोल आलं.

पण तुमच्या-आमच्या पगारात असले आकडे बसत नाहीत हे उघड आहे. आणि हरकतही नाही. लिलावाच्या हेडलाइन वाचून 'गुंतवणूक' म्हणून या शौकात उतरू नका. पोस्टर म्हणजे शेअर नव्हे. आवडलं म्हणून घ्या. पुढे भाव वाढला तर बोनस!

आपल्या घरचं काय?

विदेशी पोस्टर्सचं इतकं कौतुक केल्यावर एक टोचणारा प्रश्न उरतोच. आपल्याकडे काय शिल्लक आहे?

खरं तर चित्रांचं फिल्मी पोस्टर आपल्याकडे रुजवलं ते एका मराठी माणसाने. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. स्वतः चित्रकार, स्वतः दिग्दर्शक, कॅमेराही स्वतः बनवला. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचं पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वात जुन्या भारतीय फिल्मी पोस्टर्समध्ये गणलं जातं. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी 'मुघल-ए-आझम'ची (१९६०) पोस्टर्स रंगवली. एम. एफ. हुसेन नावाचा तरुण मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होता. हुसेन पुढे जगाला माहीत झाले. पण त्यांच्यासारखे इतर असंख्य रंगारी? परातीवर चढून वीस फुटी हिरॉइन रंगवणाऱ्या त्या लोकांची नावं बहुतेक पोस्टर्सवर नाहीत. पोलंडमध्ये सही होती, इथे नव्हती. एवढाच काय तो फरक, पण केवढा मोठा!

बाकी हिशोब तर अंगावर काटा आणणारा आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यातले तीसेकच आज उरलेत, तेही कित्येक अर्धवट. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१), त्याची एकही प्रिंट सापडत नाही. आज 'आलम आरा' म्हणजे काही फोटो आणि जाहिरातीचे कागद. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते जिवापाड वाढवलं. तोवर बरंच काही रद्दीत, चांदी काढणाऱ्या भट्टीत आणि वाळवीच्या पोटात गेलेलं होतं. २०२२ मध्ये ही संस्था एनएफडीसीत विलीन झाली, संग्रह मात्र पुण्यातच आहे. मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शौक सुरू करण्याआधी एक रविवार तिथे घालवाच. अस्सल जुना कागद कसा दिसतो, हे डोळ्यांना एकदा कळलं की पुढे फसवणूक टळते.

तलासरीची भिंत, पॅरिसची भिंत

पोस्टर म्हणजे नेमकं काय? भिंतीवरचं, थोड्या दिवसांसाठी काढलेलं, लोकांना एका सोहळ्याला बोलावणारं चित्र. या व्याख्येत चपखल बसणारी एक गोष्ट मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहे. डहाणू लोकल २०१३ पासून धावतेय. आपल्यातले कितीतरी जण चिकू आणि बीचच्या निमित्ताने तिकडे जातात, हायवेने गुजरातला जाताना तलासरीला चहा पितात आणि परत येतात.

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागातल्या वारली घरांत लग्न निघालं की कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरू लावून तयार होते. मग सवासिनी तांदळाच्या पिठाने तिच्यावर लग्नचौक काढतात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, नाचणारी माणसं, तारपा. सोहळा झाला, पावसाळा आला की चित्र पुसट होत जातं. पुढचं लग्न, पुढचा चौक. चित्र टिकवायचं हा विचारच नाही. आणि सही? छे! चित्र काढणाऱ्या बाईचं नाव कुठे लिहायचा प्रश्नच नव्हता.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्यांनी भिंतीवरचं चित्र कागदावर आणायचं सुचवलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते असं काही मनावर घेतलं की लग्न असो नसो, रोज चित्र. मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या गाजलेल्या 'धरतीचे जादूगार' प्रदर्शनात जगभरातल्या शंभर कलावंतांत ते होते. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आणि २००४ मध्ये इटलीत मिलानला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांची चित्रं लागली. फ्रेंच, जर्मन, इटालियन भाषांत एकच नाव छापलं गेलं, गंजाडच्या माणसाचं. जपानच्या निइगाता भागात तर मिथिला म्युझियम नावाचं संग्रहालय आहे, तिथे वारली चित्रांचाही मोठा संग्रह आहे. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये जिव्या गेले.

थोडक्यात काय, आपल्या भिंतीवरून पुसलं जाणारं चित्र बाहेरच्यांनी जपून ठेवलं. राज कपूरचं पोस्टर मॉस्कोत आणि वारली चित्र जपानमध्ये! आपण मात्र मॉलमधून 'वारली डिझाइन'चा मग आणतो. तो कुठे छापला, कुणाच्या चित्रावरून छापला, त्या चित्रकाराला काय मिळालं, काही पत्ता नसतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं. पण कायदा दुकानात येऊन आपला हात धरत नाही. तिथे विचारायचं आपणच, 'हे काढलं कुणी?'

पोलिश पोस्टर विकत घेताना आपण जो प्रश्न पहिला विचारतो, तोच हा प्रश्न.

सुरुवात कशी करायची?

सगळ्यात आधी, एक विषय ठरवा. 'जे दिसेल ते' घेणाऱ्याकडे कपाट भरतं, संग्रह होत नाही. भारतीय सिनेमाची रशियन पोस्टर्स, फक्त पोलिश, फक्त एका दिग्दर्शकाची वेगवेगळ्या भाषांतली, किंवा फक्त चिराशी. विषय जितका छोटा, तितकी मजा मोठी.

मुंबईत हिंडायचं तर चोर बाजारची मटण स्ट्रीट आहेच. शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात, तो दिवस टाळा. तिथे जास्त करून हिंदी पोस्टर्स मिळतील आणि त्यात नव्याने छापलेलीही भरपूर असतील. नवी प्रत घ्यायला हरकत नाही, फक्त नव्याचे पैसे द्या! विदेशी पोस्टर परदेशातून मागवत असाल तर कुरिअर आणि कस्टम ड्युटीचा हिशोब आधी करा. कधी कधी पोस्टरपेक्षा नळकांडं महाग पडतं.

अस्सल की नक्कल?

• टेप घेऊन मोजा. जुनं अमेरिकन पोस्टर साधारण २७ बाय ४१ इंच, ब्रिटिश ३० बाय ४० आणि आडवं. इटालियन 'दुए फोल्यी' १०० बाय १४० सेंमी, मोठं फ्रेंच १२० बाय १६०, जपानी बी-टू साधारण ५१ बाय ७३. 'मूळ प्रत' ए-फोर किंवा ए-थ्रीत मिळतेय? हात जोडा आणि निघा.

• भिंगातून बघा. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारखे बसलेले दिसतात. इंकजेटमध्ये नुसता विस्कटलेला फवारा.

• घडीला घाबरू नका. १९८०च्या दशकापर्यंत बरीच अमेरिकन पोस्टर्स घड्या घालूनच थिएटरकडे जायची. पन्नास वर्षांपूर्वीचं पोस्टर कोरं करकरीत असेल, तर उलट शंका घ्या.

• तळाची ओळ वाचा. छापखाना, साल, सोव्हिएत असेल तर प्रतींचा आकडा. भाषा येत नसली तरी आकडे वाचता येतात. सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला की नवं पोस्टर निघतं. ते अस्सलच, पण पहिलं नव्हे. किंमतही त्याप्रमाणे हवी.

• घासाघीस करण्याआधी विचारा, 'चित्रकार कोण?' विकणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर दुकान बरं आहे.

कागदाचे शत्रू

मुंबई असो की डहाणू-बोर्डी, किनाऱ्यावरची दमट हवा कागदाला अजिबात मानवत नाही. त्यात चार महिने पाऊस. बुरशी, कसर, पिवळे डाग, सगळे पाहुणे न बोलावता येतात.

म्हणून पहिला नियम, लॅमिनेशन नको. प्लास्टिक एकदा चिकटलं की पोस्टर संपलं. सेलोटेप तर त्याहून वाईट, काही वर्षांनी टेप निघते आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटची फट ठेवायला सांगा, नाहीतर ओलीने कागद काचेला चिकटतो. मागे अॅसिड-फ्री बोर्ड हवा. साध्या प्लायवूडमधलं आम्ल कागद खातं. बाहेरच्या, पावसाने ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका आणि थेट ऊन पडतं तिथेही नको. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, मग उरतो नुसता निळा हिरो!

लावायचं नसेल तर सपाट ठेवा, मोठ्या फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. फाटलेलं असेल तर स्वतः डिंक घेऊन बसू नका. जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरून मागे कापड लावणारे जाणकार असतात. ही दुरुस्ती अशी असते की पुढे गरज पडली तर पाण्याने सोडवता येते. चांगल्या दुरुस्तीची खूण हीच. उद्याच्या माणसाला ती उलटवता आली पाहिजे.

आणि हो, पोस्टरच्या मागे एक कागद ठेवा. पेन्सिलने लिहा, सिनेमा कोणता, देश कोणता, चित्रकार कोण, कुठून घेतलं, किती साली. दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याकडच्या पोस्टर रंगाऱ्यांसाठी आणि चौक काढणाऱ्या सवासिनींसाठी हे कुणीच केलं नाही. म्हणूनच आज त्यांची नावं शोधत बसावं लागतं.

तेव्हा या महिन्यात बजेटमध्ये बसेल अशी एखादी चिराशी किंवा छोटं पोलिश पोस्टर नक्की बघा. आणि त्याच्या शेजारी जागा ठेवा. पुढच्या वीकएण्डला डहाणू लोकल पकडा, गंजाड किंवा तलासरीकडच्या एखाद्या चित्रकाराच्या घरी जाऊन चित्र घ्या, भाव पाडू नका आणि खाली सही मागून घ्या. रशियन अक्षरं वाचता येत नसतील, पण ही सही तरी आपल्याला वाचता येईल!